एका टिंबाची कथा

वाचकहो, टिंब ते केवढे! पण त्याचाही इतिहास मला रंजक वाटतो. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा दहा दिवसांत रचला. तीत वस्तूच्या पोटातले काही मागायचे, तर टिंब द्यावे लागे. वस्तूच नसली, की प्रोग्राम कोलमडे! म्हणून आधी ‘आहे ना?’ अशी लांबलचक चौकशी करणे आले. जेरेमी ॲशकेनास यांच्या, २००९ साली जन्मलेल्या कॉफीस्क्रिप्टने पुढे टिंबाआधी नुसते प्रश्नचिन्ह ठेवले. तिचा अनुवादक या खुणेचा साध्या जावास्क्रिप्टमध्ये विस्तार करून देई. ब्राउझरला पत्ताही नसे! २०२० साली तीच खूण जावास्क्रिप्टच्या प्रमाणग्रंथात आली. मला वाटते, माणसे आधी बोलतात. व्याकरण मागून चालत येते.