गव्हर्नर जनरलच्या खुर्चीची कुळकथा

भाईंदर आणि नायगाव या स्थानकांच्या मधे वसईची खाडी आहे. १७८२च्या सालबाईच्या तहानंतर ही खाडी दोन राज्यांची सरहद्द झाली. दक्षिणेला साष्टी, म्हणजे आजच्या मीरा-भाईंदरची बाजू, इंग्रजांकडे राहिली. उत्तरेची वसई पेशव्यांना परत मिळाली. या वाटणीआधीच्या आठ वर्षांत इंग्रजांची एक नवीकोरी खुर्ची साष्टीपायी चांगलीच डळमळली होती.

ही खुर्ची गव्हर्नर जनरलची. तिचा जन्म लंडनचा. कर्जात बुडालेल्या ईस्ट इंडिया कंपनीला वेसण घालायला पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी १७७३मध्ये नियामक कायदा आणला. बंगालचा गव्हर्नर आता गव्हर्नर जनरल झाला. पगार वर्षाला २५,००० पौंड. त्याच्या मंडळाच्या परवानगीवाचून मुंबई आणि मद्रासच्या गव्हर्नरांनी युद्ध वा तह करायचा नाही, असं ठरलं. फक्त निकडीचा प्रसंग किंवा थेट लंडनचा हुकूम, एवढीच पळवाट ठेवली होती.

ऑक्टोबर १७७४मध्ये कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांचं नवं मंडळ कामाला लागलं. डिसेंबरात मुंबईच्या फौजेने ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी ताब्यात आली. १७३७-३९च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला हा मुलूख परत मिळवायला पोर्तुगीज येताहेत, ही मुंबईचे गव्हर्नर हॉर्नबी यांची सबब. मार्च १७७५मध्ये त्यांनी पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांशी सुरतेचा तहही उरकला. कलकत्त्याने तो अमान्य करून कर्नल अप्टन यांना पुण्याला धाडलं आणि १७७६मध्ये पुरंदरचा तह झाला. तेवढ्यात कंपनीच्या लंडनच्या संचालकांचं पत्र आलं, त्यात मुंबईची पाठराखण! कायद्याने थोरला ठरलेला तोंडघशी पडला. पुढे वडगावला मराठ्यांपुढे इंग्रजांची नामुष्की झाली, युद्ध लांबलं आणि महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईला मिटलं.

खुर्चीतली खोट उघडी पडली होती. मंडळात इतर चार सदस्यांसारखंच गव्हर्नर जनरललाही एकच मत होतं. मतं समसमान झाली तरच निर्णायक मत त्याचं. शिवाय हेस्टिंग्ज कंपनीत कारकुनापासून वर चढलेले. मुंबईच्या गव्हर्नरला ते आपल्यातलेच वाटले तर नवल नव्हतं. यावर विलायतेने तोडगा काढला तो खानदानी. अर्ल कॉर्नवॉलिस यांनी आधी हे पद नाकारलं होतं. मंडळाचा निर्णय डावलण्याचा अधिकार मिळाल्यावर १७८६मध्ये ते आले. दरबारात वजन असलेल्या उमरावाचा शब्द मोडणं मुंबईला सोपं नव्हतं. त्यानंतर सर जॉन शोर यांच्यासारखे कंपनीच्या नोकरीतले लोक या खुर्चीत बसले, पण अपवादानेच.

१७९८मध्ये लॉर्ड वेलस्ली आले. पंतप्रधान पिट यांचे ते मित्र. १८०२मध्ये यशवंतराव होळकरांकडून हार खाऊन पेशवे दुसरे बाजीराव वसईला पळाले आणि ३१ डिसेंबरला तिथे तैनाती फौजेचा तह झाला. बदल्यात २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा होता. बाजीरावांना पुन्हा पुण्याच्या गादीवर बसवायला वेलस्लींचे धाकटे भाऊ आर्थर फौज घेऊन निघाले. हेच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाले आणि १८२८मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान.

मुंबईवर वचक बसवायला उमराव आणले खरे, पण त्यांना आवरायचं कोणी? पत्राला लंडन गाठायला महिनोन्‌महिने लागत. हॉर्नबींनी कलकत्त्याला न विचारता साष्टी घेतली होती. वेलस्लींनी त्याच अंतराचा फायदा घेऊन संचालकांना न जुमानता राज्य वाढवलं. खर्चाचे आकडे पाहून हबकलेल्या संचालकांमुळे १८०५मध्ये त्यांना परतावं लागलं. मिळवलेल्या मुलखाचा बराच मोठा भाग मात्र कंपनीने ठेवून घेतला.