बिलोरी पलंग आणि पाण्यातला वाडा

राजस्थानात उदयपूरला पिछोला नावाचा मोठा तलाव आहे. त्याच्या पूर्वेच्या काठावर मेवाडच्या महाराण्यांचे राजवाडे एकाला एक लागून उभे आहेत. त्यांतला एक फतेह प्रकाश. त्याच्या दरबारी दिवाणखान्याभोवती, वरच्या अंगाला, एक सज्जा फिरवलेला आहे. पूर्वी खाली दरबार भरला म्हणजे राजघराण्यातल्या बायका या सज्ज्यातून तो थाट आडून पाहत. आता तिथे काचेचे सामान मांडले आहे, आणि तिकीट काढून कुणालाही ते पाहता येते.

काचेचे सामान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे हंड्या-झुंबरे येतात. ती तर आहेतच. पण इथे खुर्च्या काचेच्या, मेजे काचेची, कोच काचेचा. ताटल्या, पेले, अत्तराच्या कुप्या, हात धुण्याची भांडी, सारे बिलोरी. आणि या सगळ्यांत पलंग! चांगला ऐसपैस, पैलू पाडलेल्या काचेने मढवलेला. उजेड पडला की पैलूपैलूंतून लखलखतो. माणूस जवळ जाऊन थबकतो आणि मनात पहिला प्रश्न येतो तो अगदी साधा: अहो, यावर निजायचे कसे?

ज्याने हा पलंग मागवला तो यावर एक रात्रही निजला नाही. महाराणा सज्जनसिंह १८७४ साली गादीवर बसला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. १८७७ साली, म्हणजे अठराव्या वर्षी, त्याने विलायतेतल्या बर्मिंगहॅम शहरातल्या ऑस्लर कंपनीकडे हे सामान सांगितले. १८८४ साली, पंचविशीत, तो वारला. माल हाती पडायच्या आत मालक गेला. पेट्या आल्या त्या तशाच ठेवून दिल्या गेल्या, आणि शंभरावर वर्षे बंद राहिल्या. लोकांसाठी हे दालन उघडले ते १९९४ साली.

आता ही ऑस्लर कंपनी कोण, ते थोडे सांगतो, कारण त्यात गुरुजींना वर्गात सांगण्याजोगी एक गंमत आहे. इंग्लंडात १७४५ पासून काचेवर वजनावारी कर होता. जितकी काच जड, तितका कर जास्त. हा कर १८४५ साली उठला, आणि भट्टीवाल्यांचे हात मोकळे झाले. सहाच वर्षांनी, १८५१ साली, लंडनला मोठे प्रदर्शन भरले. ऑस्लरने तिथे सत्तावीस फूट उंचीचे काचेचे कारंजे उभे केले; त्याला चार टन काच लागली. ते पाहायला लोकांची रीघ लागे. हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांचे गिऱ्हाईक या कंपनीने आधीच हेरले होते. कलकत्त्याला तिचे दुकान १८४० नंतरच्या दहा वर्षांतच निघाले होते.

ही काच नेहमीच्या खिडकीच्या काचेसारखी नव्हे. हिच्या रसात शिशाची भस्मे घालतात. त्याने ती जड होते, मऊ होते, आणि किरण अधिक वाकवते. मऊ असल्यामुळे फिरत्या चाकावर पाणी-वाळू सोडून तिच्यावर खाचा पाडता येतात. मग दगडी साणेवर त्या साफ करायच्या आणि शेवटी लाकडी चाकावर घोटून झिलई आणायची. पलंग काही सबंध काचेचा ओतलेला नसतो. आत सांगाडा असतो, वर काचेचे तुकडे बसवलेले असतात. म्हणून तर तो माणसाचा भार सोसू शकेल. पण हे काम करणाऱ्या कारागिरांची नावे त्या दालनात कुठे नाहीत.

सज्जनसिंहाला नुसता शौकीन समजून सोडून देणे बरोबर होणार नाही. न्यायनिवाड्यासाठी त्याने १८८० साली सभा नेमली, शहरात मोठी बाग उठवली. स्वामी दयानंद सरस्वती १८८२ साली उदयपूरला राहिले ते त्याच्याच आश्रयाला, आणि त्यांनी स्थापलेल्या परोपकारिणी सभेचा तो अध्यक्ष झाला. पण मेवाडचा कारभार तेव्हा इंग्रज रेसिडेंटाच्या नजरेखाली चाले. लढाई करायची नाही, तह करायचा नाही. ज्या घराण्याने अकबराशी झुंज घेतली, त्याच्या वंशजाला पराक्रमाची जागा उरली नव्हती. थाटाची तेवढी होती. १८७७ हेच दिल्ली दरबाराचे साल. त्याच सुमारास आपल्या दख्खनमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती.

मेवाडवर ती वेळ पुढे आली. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ तिकडे 'छप्पनिया' म्हणून अजून ओळखतात. १८९१ च्या खानेसुमारीत अठरा लाखांवर असलेली मेवाडची वस्ती १९०१ साली जेमतेम दहा लाख भरली. किती मेले आणि किती देशोधडीला लागले, त्याचा हिशेब कोण ठेवणार? मेवाडच्याच बिजोलिया जहागिरीत चौऱ्यांशी प्रकारच्या लागबागी सांगतात. १९०३ मध्ये तिथे मुलीच्या लग्नावरही कर बसला, तेव्हा शेतकऱ्यांनी मुलींची लग्ने थांबवली! १८९७ पासून सुरू झालेला हा झगडा पुढे विजयसिंह पथिकांनी हाती घेतला आणि तो १९४१ पर्यंत चालला. राजवाड्यातले बिलोरी पेले आणि हा शेतसारा, दोन्ही एकाच मुलखातले. पेले तेवढे आज जपून ठेवलेले दिसतात.

मेवाडच्या गरिबीत आपलाही वाटा आहे, तो मराठी माणसाने झाकू नये. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली काशीयात्रेला निघाल्या, तेव्हा महाराणा दुसरा जगतसिंह याने उदयपूरला त्यांचा मोठा आदर केला. दुसऱ्याच वर्षी खुद्द बाजीराव तिथे गेले आणि वार्षिक खंडणी ठरली. पुढे शिंदे-होळकरांच्या फौजांनी ती कशी वसूल केली, हे मेवाडच्या बखरीत वाचण्यासारखे आहे. त्या जाचाने टेकीस आलेल्या महाराण्याने १८१८ साली इंग्रजांशी तह केला.

याच जगतसिंहाने १७४३ ते १७४६ या काळात तलावाच्या मधोमध उन्हाळ्यात राहायला एक वाडा बांधला. त्याचे नाव जगनिवास. काठावरून पाहिले तर पांढरा वाडा पाण्यावर तरंगतो आहे असे वाटते. १९४८ साली मेवाड राजस्थानात सामील झाले. राज्य गेले, वाडे राहिले, आणि वाड्यांची डागडुजी खर्चाची. महाराणा भगवतसिंहाने साठाच्या दशकात जगनिवासचे हॉटेल केले. १९७१ साली ते ताज कंपनीकडे चालवायला गेले. राजांचे तनखे सरकारने बंद केले तेही त्याच वर्षी. काचेचे दालन असलेल्या फतेह प्रकाशातही आता हॉटेल आहे. एका रात्रीचे भाडे ऐकले तर शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब आठवावा! तरी मला हे वाईट वाटत नाही. छत गळून, वटवाघळे लटकून पडलेले वाडे आपण कमी का पाहिले आहेत? इथे निदान दिवा लागतो, आणि गावातल्या पोरांना काम मिळते.

हा सारा थाट ज्या तलावावर उभा आहे, तो मात्र कुणा राजाने खोदला नाही. चौदाव्या शतकात, राणा लाखाच्या काळी, धान्य वाहणाऱ्या एका वंजाऱ्याने त्याचा बांध घातला असे तिथले लोक सांगतात. बैल पलीकडे नेताना अडचण होई, म्हणून. महाराण्यांनी पुढे तो वाढवला. २००० नंतरच्या अवर्षणात पिछोला आटला, तेव्हा जगनिवासापर्यंत नावेची गरज उरली नाही; कोरड्या तळातून माणसे पायी जात, आणि जिथे पाहुण्यांच्या होड्या चालत, तिथे गुरे चरत होती.