डोळे झाकल्यावर हात कुठे असतो?

किनआर्म या यंत्राची कुळकथा माकडापासून सुरू होते, आणि हे विनोदाने म्हणत नाही. कॅनडातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ स्टीफन स्कॉट यांना एक गोष्ट शोधायची होती: माकड हात पुढे करतं तेव्हा त्याच्या मेंदूतल्या पेशी नेमकं काय करतात? अडचण अशी, की त्या वेळी खांदा आणि कोपर एकदमच हलतात. कुठल्या सांध्यावर किती जोर आला, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून त्यांनी हाताला बाहेरून धरणारा आणि दोन्ही सांध्यांवर मोटारींनी वेगवेगळा जोर लावणारा सांगाडा बनवला. त्याचं वर्णन १९९९ मध्ये छापून आलं. किनआर्म तो हाच. माणसांसाठी तो नंतर मोठा झाला.

आता रुग्णांच्या हाताची जाणीवही या यंत्राने मोजतात. तो प्रश्न मात्र फार जुना. न बघता आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळतं. या जाणिवेवर शास्त्रज्ञ चार्ल्स बेल यांनी १८२६ मध्ये लिहिलं, आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये तिच्यासाठी प्रोप्रियोसेप्शन हे नाव रूढ केलं. मापायची पद्धत तेवढी मागे राहिली. डॉक्टर रुग्णाला डोळे मिटायला सांगतात, त्याचं बोट हलवतात आणि विचारतात, ‘वर की खाली?’ ठळक दोष यात सापडतो, बारीक निसटतो.

अशा यंत्रांची दुसरी शाखा अमेरिकेत एमआयटीत फुटली. नेव्हिल होगन आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांच्या व्यायामासाठी एमआयटी-मॅनस हे यंत्र तयार केलं. १९९४ मध्ये संशोधक शादमेर आणि मुसा-इवाल्दी यांनी धडधाकट माणसांच्या हाती अशाच यंत्राची मूठ दिली आणि यंत्राकरवी हात आडवा ढकलला. आधी सगळ्यांचे हात वाकडे गेले, मग सरावाने सरळ झाले. खरी गंमत पुढे आहे. जोर काढून घेतल्याबरोबर हात उलट्या बाजूला वाकडे गेले! मेंदूने त्या ढकलण्याचा हिशेब आधीच मांडून ठेवला होता.

किनआर्मच्या एका चाचणीत यंत्र तुमचा एक हात झाकलेल्या अवस्थेत कुठेतरी नेऊन ठेवतं. दुसऱ्या हाताने आरशातल्यासारखी तीच जागा दाखवायची. दुसरीत मधल्या ठिपक्यापासून १० सेंटिमीटरवर उजळणाऱ्या ठिपक्याकडे झटपट हात न्यायचा. हात किती उशिरा निघाला, वाटेत किती भरकटला, सगळं नोंदलं जातं. पहिल्या चाचणीत अगदी निरोगी माणूसही चुकतो, तेही काही सेंटिमीटरने. कुणी दर वेळी एकाच बाजूला सरकतो, कुणाचा हात दर वेळी नव्या जागी पडतो. हे दोन वेगळे दोष आहेत, आणि बोट वर-खाली करून ते वेगळे काढता येत नाहीत.

मग रुग्णाची चूक किती मोठी मानायची? इथे यंत्र मुकं असतं. उत्तर धडधाकट माणसांकडूनच घ्यावं लागतं, तेही वय, स्त्री-पुरुष, डावखुरा की उजवा हे सगळं लक्षात घेऊन. त्यांच्यातल्या ९५ टक्क्यांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतात, त्याच्या बाहेर पडला तो दोष. वीस वर्षांच्या पोराच्या आकड्यांवर सत्तरीच्या आजोबांना तोलणं हा अन्यायच.

तेव्हा अशा अभ्यासासाठी कुणी निरोगी स्वयंसेवक मागितले, तर ‘मला कुठे काय झालंय?’ म्हणून मागे फिरू नका. त्यांना हवे आहात ते तुम्हीच.