सार्वजनिक तळं आणि सार्वजनिक सोर्स कोड

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचं चिंचोटी म्हटलं की लोकांना धबधबा आठवतो. पण याच वसई तालुक्यात सोपारा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला बौद्ध स्तूप खणला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यातच मिळाला आणि १९५६ साली याच परिसरात नवव्याचाही. अशोकाने आपला संदेश पोथीत बांधून ठेवला नाही. लोकांच्या प्राकृतात, उघड्यावर, दगडात कोरला. पुढे मनुस्मृतीच्या व्यवस्थेने नेमकं उलटं केलं. ज्ञान मूठभरांच्या ताब्यात ठेवलं आणि बाकीच्यांना फक्त आज्ञा पाळायला लावल्या.

मित्रांनो, सॉफ्टवेअरचा प्रश्न इथूनच समजून घ्यायला हवा.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण कागदावरचा हक्क ओंजळीत आला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावं लागलं. कोर्टाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडलं. धडा स्पष्ट आहे. जे सर्वांच्या पैशातून उभं राहतं ते सर्वांचं असतं, पण वापरल्याशिवाय हक्क शाबूत राहत नाही.

आता संगणकाकडे या. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रोग्रॅमचा सोर्स कोड कंपन्या लपवू लागल्या होत्या आणि हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांची मागणी चार स्वातंत्र्यांची: प्रोग्रॅम वापरणं, तो कसा चालतो ते अभ्यासणं, दुसऱ्याला वाटणं आणि सुधारून वाटणं. १९८९ च्या जीपीएल परवान्याने अट घातली की सुधारून वाटणाऱ्याने पुढच्यालाही हीच स्वातंत्र्यं द्यावीत. म्हणजे तळ्यातून पाणी घ्या, पण पुढच्याची वाट अडवू नका. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेलं लिनक्स पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आलं. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सवर चालतो.

आपल्या चळवळीचा याच्याशी काय संबंध? जयंतीचे विशेषांक, पुस्तिका, परिपत्रकं वर्षानुवर्षे डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाली. त्या फाइलीत मराठी अक्षर नसतंच. असतात इंग्रजी अक्षरांचे कोड, आणि त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट नसेल तर पानभर अगम्य चिन्हं दिसतात. शोधायला गेलं तर 'महाड' सापडत नाही. लेखन आपलं, पण किल्ली दुसऱ्याच्या हातात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला सर्वांना ठाऊक असलेला क्रमांक आहे. लोहित, मुक्त, बालू असे खुल्या परवान्याचे देवनागरी फॉन्टही आहेत.

काही जण म्हणतील, "आम्ही पायरेटेड वापरतो, आम्हाला काय फरक पडतो?" पडतो. चोरून घेतलेल्या घोटाला हक्क म्हणत नाहीत. महाडला लोक रात्री लपूनछपून गेले नव्हते. पायरेटेड प्रत उघडून पाहता येत नाही, सुधारता येत नाही, अभिमानाने वाटताही येत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. फुकट वाटलं तर बनवणाऱ्याने खायचं काय? पण मुक्त म्हणजे फुकट नव्हे. दुरुस्ती, प्रशिक्षण, नवीन काम यांचे पैसे घ्यायला हा परवाना आडकाठी करत नाही. आणि सरकार जनतेच्या करातून सॉफ्टवेअर बनवून घेत असेल, तर बोलेंच्या ठरावाचा न्याय तिथेही लागू व्हायला हवा.

एक सावधगिरी मात्र हवी. परवाना खुला असला म्हणून दार आपोआप उघडत नाही. ज्याच्याकडे इंग्रजी, लॅपटॉप आणि मोकळा वेळ आहे तोच आत पोचतो. तिथे आपली मुलं नसतील, तर या खुल्या तळ्यावरही जुनेच मालक बसतील.

म्हणून काम ठरवू या. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनाचा कॉपीराइट २०१६ अखेर संपला. ते युनिकोडमध्ये टाइप करा, तपासा, वाटा. येत्या जयंतीचा अंक लिब्रेऑफिसमध्ये, खुल्या फॉन्टमध्ये काढा आणि मूळ फाइलही सोबत द्या. वस्तीतल्या अभ्यासिकेत जुन्या संगणकावर लिनक्स टाका. मुलांना नुसतं वापरायला शिकवू नका, उघडून बघायला शिकवा.

जय भीम!