तुवरक तेल ते नॅनोकण : अमरावतीच्या संदर्भात त्वचारोगोपचाराचा एक मागोवा

त्वचेच्या जुनाट विकारांवर बाहेरून लावावयाच्या औषधांचा इतिहास हा बव्हंशी एकाच अडचणीचा इतिहास आहे : औषध त्वचेच्या वरच्या थरातून आत न्यावयाचे कसे? नॅनोकणयुक्त मलमांच्या चर्चेत हा प्रश्न नवाच असल्यासारखा मांडला जातो. प्रस्तुत लेखात अमरावतीच्या संदर्भात त्याचा मागोवा घेतला आहे.

सुश्रुतसंहितेत कुष्ठावर तुवरक तेल सांगितले आहे. तेथे ‘कुष्ठ’ ही संज्ञा अनेक त्वचाविकारांना व्यापते, हे लक्षात ठेवले पाहिजे. याच जातीचे चालमुग्रा तेल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महारोगावरील प्रमुख औषध ठरले. परंतु ते चोळले तर गुण अनिश्चित, पोटात घेतले तर मळमळ आणि टोचले तर दाटपणामुळे शरीरात जिरत नसे. हवाई बेटांवर अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञेने १९१५ च्या सुमारास तेलाचे एथिल एस्टर करून ही अडचण सोडविली. औषध तेच राहिले, रूप तेवढे बदलले. नॅनोतंत्राचे सूत्रही मुळात हेच आहे.

व्यवसायाने होमिओपॅथ असलेल्या डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीत तपोवनाची उभारणी केली, तेव्हा सल्फोन औषधांचे युग नुकतेच सुरू होत होते. पुढे डॅप्सोन आले आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषधोपचाराची शिफारस केली. रोग बरा होऊ लागला. तरीही १८९८ चा महारोग्यांविषयीचा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडले आणि घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग वगळला गेला तो २०१९ मध्ये! त्वचेआधी औषध पोहोचले, कायद्यापर्यंत ते पोहोचण्यास पुढे साडेतीन दशके लागली. तपोवनात औषधाइतकेच शेती व हस्तोद्योगांना स्थान का होते, हे यावरून कळते.

त्याच शहरातील संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागात डॉ. महेंद्र राय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीच्या साहाय्याने चांदीचे नॅनोकण तयार केले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात, पिकांच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या अल्टरनेरिया बुरशीपासून मिळविलेले कण फ्लुकोनॅझोलसोबत वापरले गेले. कॅन्डिडा अल्बिकन्सवर या जोडीचा परिणाम सर्वाधिक वाढला; अन्य दोन बुरशींवर मात्र लक्षणीय फरक पडला नाही. पिकाचा शत्रू औषधाच्या कामी यावा, ही बाब वऱ्हाडातील वाचकास विशेष वाटेल.

तथापि येथे घाई करणे योग्य नव्हे. काचपात्रातील बुरशी रोखणे आणि सोरायसिस किंवा इसब यांसारखा दीर्घकालीन दाह शमविणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात जंतू मारावयाचा असतो. दुसऱ्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा शांत करावयाची असते. शिवाय दाहग्रस्त त्वचेचे कवच आधीच भंगलेले असते, त्यामुळे अतिसूक्ष्म कण अपेक्षेपेक्षा खोल जाऊ शकतात. चांदी शरीरात दीर्घकाळ साठल्यास कातडी निळसर-करडी होते, हे वैद्यकास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सोरायसिसचा रुग्ण मलम वर्षानुवर्षे लावतो. म्हणून मात्रेचा आणि कालावधीचा हिशेब येथे प्रयोगशाळेतील निष्कर्षाइतकाच महत्त्वाचा ठरतो.