बॅकहाउस कागदपत्रे

बॅकहाउस कागदपत्रे : चीनविषयक ब्रिटिश इतिहासलेखक सर एडमंड ट्रेलॉनी बॅकहाउस (२० ऑक्टोबर १८७३–८ जानेवारी १९४४) याने जमविलेली व लिहिलेली हस्तलिखिते आणि त्याच्यासंबंधीचा पत्रव्यवहार यांचा समुच्चय. तो एकत्र नसून ऑक्सफर्डचे बॉडलियन ग्रंथालय, लंडनचे ब्रिटिश ग्रंथालय, टोराँटो विद्यापीठ (कॅनडा) आणि सिडनीचे मिचेल ग्रंथालय (ऑस्ट्रेलिया) येथे विखुरलेला आहे. छिंग राजवंशाच्या (१६४४–१९१२) अखेरच्या काळाविषयी पाश्चात्त्य वाचकांत रूढ झालेले चित्र बऱ्याच अंशी ज्या साधनावर आधारलेले होते, ते साधन बनावट ठरल्यामुळे या कागदपत्रांस इतिहाससंशोधनात विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे.

बॅकहाउसचा जन्म इंग्लंडमधील डार्लिंग्टन येथे एका सधन क्वेकर पेढीवाल्या घराण्यात झाला. ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात त्याने शिक्षण घेतले. परंतु कर्जबाजारी झाल्यामुळे पदवी न घेताच त्याने १८९५ मध्ये विद्यापीठ सोडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो पीकिंगला (विद्यमान बीजिंग) गेला. तेथे त्याने चिनी भाषेवर उत्तम प्रभुत्व मिळविले. लंडनच्या द टाइम्स या वृत्तपत्राचा पीकिंगमधील वार्ताहर जॉर्ज अर्नेस्ट मॉरिसन यास चिनी भाषा अवगत नव्हती. त्यामुळे चिनी मजकुराच्या भाषांतरासाठी तो बॅकहाउसवर अवलंबून असे. त्याच पत्राचा शांघायमधील वार्ताहर जे. ओ. पी. ब्लँड याच्या सहकार्याने बॅकहाउसने चायना अंडर द एम्प्रेस डाउअजर (१९१०) आणि ॲनल्स अँड मेम्वार्स ऑफ द कोर्ट ऑफ पीकिंग (१९१४) हे ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यांपैकी पहिला विशेष गाजला.

या ग्रंथाचा गाभा म्हणजे जिंगशान या मांचू अधिकाऱ्याची तथाकथित दैनंदिनी. बॉक्सर बंडाच्या वेळी, १९०० मध्ये, पीकिंगमधील परकीय वकिलातींना वेढा पडला होता. तो ऑगस्टमध्ये उठल्यानंतर जिंगशानच्या घरात ही दैनंदिनी आपणास सापडली, असे बॅकहाउसचे म्हणणे होते. सम्राज्ञी त्स-शी हिच्या दरबारातील त्या वर्षीच्या घडामोडी तीत नोंदविल्या असून रुंग-लू हा सरदार बॉक्सरांचा विरोधक व परकीयांचा हितकर्ता म्हणून रंगविलेला आहे. परिणामी बंडाच्या जबाबदारीची वाटणी कशी करावी, हा प्रश्न पुष्कळांनी या एकाच साधनाच्या आधारे सोडविला. मूळ हस्तलिखित ब्रिटिश म्यूझियममध्ये जमा झाल्यामुळे त्याची प्रतिष्ठा वाढली. डच चीनविद्यातज्ञ जे. जे. एल. डॉयव्हेनडाक याने १९२४ मध्ये त्याचे भाषांतरही प्रसिद्ध केले.

मॉरिसनचा मात्र दैनंदिनीवर विश्वास नव्हता. विल्यम लूइसन याने १९३६ मध्ये तिच्या अस्सलपणाविषयी साधार शंका उपस्थित केल्या आणि पुढे डॉयव्हेनडाकनेही ती बनावट असल्याचे मान्य केले. तथापि ती कोणी रचली, हा प्रश्न शिल्लक राहिला. बॅकहाउस स्वतःच फसला असावा, असे मानणारेही होते.

या प्रश्नावर प्रकाश पडला तो इतरांच्या दफ्तरांतून. ब्लँडची कागदपत्रे टोराँटो विद्यापीठात व मॉरिसनची मिचेल ग्रंथालयात जतन झाली आहेत. त्यांतील पत्रे व नोंदी आणि ब्रिटिश परराष्ट्र खात्याची कागदपत्रे एकत्र ठेवून ह्यू ट्रेव्हर-रोपर या ब्रिटिश इतिहासकाराने बॅकहाउसचे चरित्र लिहिले (१९७६). पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅकहाउसने ब्रिटिश वकिलातीस अस्तित्वातच नसलेल्या शस्त्रसाठ्याची आशा दाखविली, तसेच एका अमेरिकन कंपनीस चलनी नोटांच्या छपाईचा खोटा करार दिला, हे त्यातून उघड झाले. दैनंदिनीही त्याचीच कृती असावी, या निष्कर्षास त्यामुळे बळकटी आली. मॉरिसनच्या पत्रव्यवहाराचा संपादक लो ह्वे-मिन याने १९९१ मध्ये या बनावटीचा स्वतंत्रपणे पुन्हा परामर्श घेतला.

ट्रेव्हर-रोपरच्या संशोधनास निमित्त झाले ते बॅकहाउसच्या आठवणींचे. राइनहार्ट हेप्ली या स्विस डॉक्टरच्या आग्रहावरून त्याने आयुष्याच्या अखेरीस द डेड पास्टदेकादाँस मांशू ही दोन हस्तलिखिते लिहिली. सम्राज्ञीशी व अनेक नामवंतांशी आपले निकटचे संबंध होते, असे त्यांत वर्णिले आहे. ट्रेव्हर-रोपरने त्यांना कल्पित ठरविले. देकादाँस मांशू २०११ मध्ये छापून प्रसिद्ध झाल्यावर त्यातील काही भाग तत्कालीन पीकिंगच्या जीवनावर प्रकाश टाकणारा असावा, असेही मत मांडले गेले. परंतु स्वतंत्र पुराव्याशिवाय त्यातील कोणताही प्रसंग ग्राह्य धरता येत नाही.

बॅकहाउसच्या संग्रहातील सर्वच काही खोटे नाही, ही या प्रकरणातील खरी अडचण आहे. १९१३ पासून त्याने बॉडलियन ग्रंथालयास हजारो चिनी ग्रंथ व हस्तलिखिते दिली. त्यांत पंधराव्या शतकातील युंग-लो विश्वकोशाचे दुर्मिळ खंड आहेत. तसेच ज्यांच्या मूळ ठिकाणाविषयी संशय आहे अशीही काही हस्तलिखिते आहेत. दात्याच्या लौकिकावरून सरसकट स्वीकार किंवा सरसकट त्याग असा निर्णय करता येत नाही. प्रत्येक कागद स्वतंत्रपणे पारखावा लागतो.

मान्यवर ग्रंथालयात जतन झाल्याने कागद सुरक्षित राहतो, अस्सल ठरत नाही. त्याचा अस्सलपणा ठरतो तो अन्य हातांनी, अन्य हेतूंनी लिहिलेल्या समकालीन कागदांशी ताडून पाहिल्यावर. बॅकहाउसची लबाडी याच पद्धतीने उघडकीस आणणाऱ्या ट्रेव्हर-रोपरने १९८३ मध्ये हिटलरच्या तथाकथित रोजनिशा प्रथमदर्शनी अस्सल मानल्या आणि त्या लवकरच बनावट ठरल्या. साधनचिकित्सेची कसोटी प्रत्येक नव्या कागदास नव्याने लावावी लागते, हेच त्यावरून दिसून येते.