मार्चची फुलं, ऑक्टोबरचा घोट

ऑक्टोबर आला की पुण्यातल्या ब्रुअरीत 'ऑक्टोबरफेस्ट'च्या पाट्या लागतात. त्यात 'मेर्त्सेन' नावाची तांबूस बिअर असते. नावाचा अर्थ 'मार्चची'! बव्हेरियात १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायला बंदी होती. म्हणून मार्चमध्ये जरा कडक बिअर काढून थंड तळघरात ठेवायची आणि शरदात संपवायची.

हे वाचून मला थेट आमचा भंडारा आठवला. तिकडेही मार्च-एप्रिलचीच गोष्ट. पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. फुलं वेचून मनुक्यासारखी वाळवली की वर्षभर टिकतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात, रात्री दंडार रंगते... तेव्हा तीच फुलं भिजवून, काही दिवस आंबवून मडक्यात चढवायची. खाली जाळ, वर गार पाणी. माल्ट नको की हॉप्स नकोत, साखर फुलातच असते. (ही बिअर नव्हे, उकळून काढलेली दारू आहे, हे मान्य.)

मग एक 'क्राफ्ट' आणि दुसरी 'हातभट्टी' कशी झाली? महसुलामुळे! मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने विनापरवाना भट्टी गुन्हा ठरली. १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी खास मोहाच्या फुलांवर कायदा आला. फुलांवर, दारूवर नाही! भंडारा तेव्हा मध्य प्रांतात. कायदे वेगळे, हिशोब तोच: ठेकेदाराची ती दारू, घरची ती चोरटी. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला आणि पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा इकडेही लागला. तो अजून आहे.

दारूने संसार मोडतात, हे खरंच. गडचिरोलीतली १९९३ ची दारूबंदी लोकांनी लढून मिळवली, आणि त्यात बाया पुढे होत्या. त्यांच्याशी माझा वाद नाही. पण त्याच राज्यात २००९ पासून पुण्यात 'डूलाली' परवान्याने बिअर बनवू लागली आणि २०२४ मध्ये डहाणूच्या एका डिस्टिलरीने मोहाची दारू उंची बाटलीत आणली. परवान्याची फी भरायची ऐपत असलेल्यांना वाट मिळाली. फुलं वेचणारीला काय मिळालं? २०२१ मध्ये सरकारने फुलं गोळा करायची, साठवायची, न्यायची बंधनं उठवली. मडकं चुलीवर चढवलं तर मात्र अजून गुन्हाच.

असो. भाऊबीजेनंतर तिकडे गेलात तर दंडार नक्की बघा मंडळी, रात्रभर चालते.